बुटकी

देवमन तायडे अकोटच्या एका जिनिंग फॅक्टरीत फिटर होता. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या लागल्या की फॅक्टरीचे पट्टे फिरू लागत, ते चैत्र संपता संपता थांबत. पुढचे महिने काम असलं तर असे, नसलं तर नसे. मग तो सायकलच्या कॅरिअरला पान्ह्यांची पिशवी बांधून गावोगावची विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करत फिरे. इंजिनाजवळ गेल्यावर तो आधी काहीच उघडत नसे. डोळे मिटून ऐकत बसे. वैद्य नाडी पाहते तसा हा आवाज पाहते, असं लोक म्हणत.

सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात पिंपळखेडच्या वामनराव पाटलांनी त्याला बोलावणं धाडलं. संत्र्याची बाग वाळत चालली होती आणि विहिरीवरच्या इंजिनापुढे दोन मेकॅनिकांनी हात टेकले होते. देवमनला दीड दिवस लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी पाटात पाणी आलं तेव्हा वामनराव स्वतः बांधावर उभे होते. पंचेचाळिशीकडे झुकलेला, अंगानं भरलेला, कमी बोलणारा माणूस.

"सांग, काय देऊ तुले?" ते म्हणाले.

देवमननं सकाळीच गोठ्यात काहीतरी पाहून ठेवलं होतं. तो म्हणाला, "द्यायचंच हाये तर थे गाडी द्या."

"कोनती? बैलाची दमणी?"

"मोटार."

गोठ्याच्या कोपऱ्यात, कडब्याच्या पेंढ्यांआड, छत्तीस सालची एक अमेरिकन मोटार उभी होती. दोन दारं, पुढे दोघं बसतील एवढीच जागा आणि मागे उतरता, लांब पत्रा. इंग्रजीत अशा गाडीला कूपे म्हणतात. वामनरावांचे वडील नत्थुजी पाटील यांनी कापसाला भाव आलेल्या वर्षी ती मुलाच्या नावावर मुंबईहून आणवली होती. लढाईत पेट्रोल मिळेनासं झालं, गाडी गोठ्यात गेली. नत्थुजी वारले आणि गाडी तिथंच राहिली.

वामनराव हसले. "अरे, तिचं इंजिन फुटलं हाये. चाकं दोनच राह्यले. सीटवर मांजर व्याली."

"पिल्लं मोठी होतपर्यंत थांबतो जी."

वामनरावांनी वहीचं पान फाडून, गाडी राजीखुशीनं देवमनला दिली असं चार ओळींत लिहून दिलं. महिनाभरानं, मांजर पिल्लं घेऊन माळ्यावर गेली तेव्हा, देवमन गाडी न्यायला आला. गाडीचं तोंड छकड्यावर चढवलं, मागची दोन चाकं जमिनीवर ठेवली आणि बैलांनी ती रमतगमत अकोटात ओढत आणली. रस्त्यावरची माणसं कामं टाकून पाहत उभी राहिली.

वस्तीत पोचल्यावर देवमनची बायको शकुन ओट्यावरचं शिलाई मशीन थांबवून उठली. तिनं गाडीभोवती एक चक्कर मारली, फाटक्या सीटमध्ये बोट घालून पाहिलं आणि म्हणाली, "हे चालन?"

"चालन."

"मंग ठीक हाये."

देवमनचा बाप डोमाजी मात्र बाजेवरून उठला नाही. साठी ओलांडलेला माणूस, सारी उमर पिंपळखेडला मजुरीत गेलेली; देवमन नोकरीला लागल्यावर तो अकोटला आला होता. गाडी दारात लागेपर्यंत तो नुसता पाहत होता. मग म्हणाला, "नत्थुजीची."

"हो. तुले मालूम हाये?"

"अडतीस सालच्या पावसात पिंपळखेडच्या नाल्यात फसली होती हे. आमाले चौघाले बलावलं. कमरेइतक्या चिखलात उभं राहून मांगून ढकलली आमी. निघाली. नत्थुजी चांगलं बोलला, शिवी नाई, काई नाई. मंग घागर आनली अन् गाडीची मांगची बाजू धुतली."

"चिखल लागला असन, बा."

"चिखल चारी बाजूनं होता. धुतली फक्त मांगची. आमचे हात लागले तेवढीच. आमी तठीच उभे होतो."

मागच्याच दसऱ्याला बापलेक आणि शकुन नागपूरला जाऊन बौद्ध झाले होते, तेव्हा जाताना-येताना रेल्वेत डोमाजीनं जन्मभराच्या कितीतरी गोष्टी सांगितल्या होत्या. ही सांगितली नव्हती.

"परत करून येऊ काय?" देवमननं विचारलं.

"कावून? चांगली वस्तू हाये. बनव तू. मले फक्त हात लावाले सांगू नको."

देवमनच्या मनात आधी गाडी नुसती चालती करायची एवढंच होतं. पण इंजिनाच्या शोधात तो अकोल्याच्या भंगारबाजारात गेला, तिथं एका दुकानदारानं त्याला बेअरिंग एका जुन्या अमेरिकन मासिकाच्या पानात गुंडाळून दिलं. घरी येऊन त्यानं पान सरळ केलं तर त्यावर अशाच एका कूपेचा फोटो. पण ती गाडी जमिनीला चिकटून बसलेली. छत कापून खाली आणलेलं, मडगार्ड काढून टाकलेले, चाकं उघडी, बॉनेटच्या बाजू नाहीत, आतलं इंजिन चकाकतंय. खालचं इंग्रजी त्याला वाचता आलं नाही. त्यानं ते पान पिठाच्या खळीनं भिंतीला चिकटवलं आणि दोन दिवस जेवताना तिकडेच पाहत राहिला.

"छत एवढं खाली केल्यावर फेटा बांधलेला माणूस कसा बसन?" शकुननं विचारलं.

"फेटा काढून बसन."

त्यानंतर तीन पावसाळे गेले. भंगारात फौजेनं विकून टाकलेल्या ट्रकचं आठ सिलिंडरचं इंजिन मिळालं. ते उघडून, धुऊन, एकेक व्हॉल्व्ह हातानं घासून बसवायला एक पावसाळा लागला. ब्रेक त्याच ट्रकचे घेतले. फॅक्टरीच्या मॅनेजरनं सुटीच्या दिवसांत वेल्डिंगचं सामान वापरायची परवानगी दिली. त्याला स्वतःला ही गाडी कधी होते ते पाहायचं होतं. येणारे-जाणारे थांबत, सल्ले देत, चहा पिऊन जात. गाडी पुढे-मागे सरकवायची झाली की आठ-दहा माणसं धावून येत. डोमाजी बाजेवर बसून पाही. कोणी चुकीच्या बाजूनं जोर लावला की तिथूनच ओरडे, "डाव्या आंगानं लावा, डाव्या!" पण उठत नसे.

सगळ्यात अवघड ठरलं ते छत. देवमननं दोरीनं मापं घेतली, खडूनं खुणा केल्या आणि करवतीच्या पात्यानं चारी खांब कापून प्रत्येकातून चार बोटं लोखंड काढलं. चौघांनी छत उचलून खाली ठेवलं आणि देवमन वाकून सांधे पाहू लागला. खांब वर जाताना आत झुकलेले होते. मधला तुकडा काढल्यावर वरचे खांब आणि खालचे खांब एका रेषेत येईनात. छत आखूड पडलं होतं, पुढून दोन बोटं, मागून दोन, बाजूंनीही तसंच. माणसं एकेक करत पांगली. देवमन पायरीवर बसून राहिला. त्याला वाटलं, तीन वर्षांची मेहनत आपण एका दुपारी कापून टाकली.

शकुन पोलक्याला काज करत होती. ते खाली ठेवून ती आली, छताच्या चारी कोपऱ्यांत बोटं घालून पाहिली.

"हे खांद्यात आखूड झालं," ती म्हणाली. "आशाबाईचं पोलकं असंच झालं होतं. मधातून फाडा अन् पट्टी घाला."

"कपडा नाई तो, शकुन. पत्रा हाये."

"मंग पत्र्याची पट्टी घाला."

देवमननं छताकडे पाहिलं. मग उठून त्यानं छतावर मधोमध एक आडवी रेघ ओढली आणि दुसरी लांबीच्या दिशेनं. छताचे चार तुकडे केले, ते चार खांबांवर आपापल्या जागी नेमके बसले आणि मधल्या फटीत तेलाच्या पिंपाच्या पत्र्याची पट्टी ठोकून ठोकून वेल्ड केली. पंधरा दिवस तो ते सांधे कानशीनं घासत होता. शेवटी तिथून बोट फिरवलं तर पट्टी कुठे सुरू होते ते कळत नव्हतं.

सीटचं काम शकुननं दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही. कापूस नुसता भरला तर महिन्याभरात गोळे होतील, हे तिला गोधड्यांवरून माहीत होतं. तिनं जाड कापडात उभ्या, दोन दोन बोटं रुंदीच्या नळ्या शिवल्या, प्रत्येकीत काठीनं वेगळा कापूस ठासला आणि टोकं बंद केली. रंगही तिनंच ठरवला. देवमनला लाल हवा होता. ती म्हणाली, लाल तर अमरावतीची प्रत्येक दुसरी गाडी असते. कपाशीचं फूल पहिल्या दिवशी असते तसा पिवळा द्या. देवमननं वासाचा विचार न करता घरातच रंग कालवला, आठ वेळा लावला, आठ वेळा घासला.

साठ सालच्या श्रावणात गाडी स्वतःच्या इंजिनावर वस्तीतून बाहेर पडली. आवाज असा की पिंपळावरचे बगळे उडाले. उंची माणसाच्या छातीएवढी. वस्तीतल्या केशरबाई म्हणाल्या, "कशी बुटकी दिसून राहिली पाह्य!" तेव्हापासून गाडीचं नाव बुटकीच पडलं.

अकोल्याला मोटार तपासणाऱ्या साहेबानं मात्र तिला पास करायचं नाकारलं. मडगार्ड नसलेली गाडी रस्त्यावर चालणार नाही, हे एक. आणि गाडीच्या सरकारी पुस्तकात मालक वामनराव नत्थुजी पाटील, तेव्हा त्यांनी नावबदलाच्या कागदावर सही केल्याशिवाय पुढे काही होणार नाही, हे दुसरं. चार ओळींची चिठ्ठी चालत नव्हती. देवमननं चाकांवर बेतून चार अरुंद मडगार्ड ठोकले. ते त्याला फोटोतल्या गाडीपेक्षाही बरे दिसले. मग तो कागद घेऊन बुटकीतून पिंपळखेडला गेला.

वामनराव ओसरीवरून उतरून खाली आले. गाडीला त्यांनी ओळखलं नाही.

"हे थे?" त्यांनी विचारलं. मग दाराच्या कडीवर हात ठेवला. कडी जुनीच होती. "हो, थेच हाये." ते वाकून आत बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "चाल, जरा फिरव."

अकोटच्या रस्त्याला लागल्यावर नाला आला. आता त्यावर फरशीचा पूल होता. देवमननं गाडी हळू केली. बोलावं की नाही ते त्यानं ठरवलं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं.

"अठीच फसली होती हे. अडतीस साली."

वामनरावांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. "मालूम हाये मले. मी आत बसलो होतो. आता बसलो तसा." थोड्या वेळानं म्हणाले, "डोमाजीनं सांगतलं असन."

"हो जी."

"काय सांगतलं?"

"नत्थुजी पाटलांनी मांगची बाजू धुतली म्हने."

वामनराव टोपीची कड बोटांनी दाबत राहिले. "बाबा फक्त बोलले होते. घागर म्या आनली. ओतली बी म्याच. चोवीस वर्साचा होतो, लहान नव्हतो." मग म्हणाले, "डोमाजीले सांगजो का..." आणि पुढचं त्यांना सापडेना.

"मी नाई सांगत जी," देवमन म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तो स्टिअरिंग धरून सरळ पाहत होता. "थे तुमीच सांगा."

परत आल्यावर वामनरावांनी कागदावर सही केली. चहा आला. देवमनचा कप आणि त्यांचा कप एकाच ताटलीत आला, हे देवमननं पाहिलं. चहा पिऊन तो निघाला.

एकसष्टच्या जानेवारीत अमरावतीला शेतीचं आणि यंत्रांचं मोठं प्रदर्शन भरलं. त्यात मोटारींची स्पर्धा होती आणि एक वर्ग हातानं बांधलेल्या गाड्यांचा होता. फॅक्टरीच्या मॅनेजरनं देवमनकडून अर्ज भरून घेतला. प्रदर्शनाच्या कारकुनानं गाडीचं पुस्तक मागितलं आणि नावनिशी उतरवून घेतली.

त्या दिवशी देवमन आणि शकुन बुटकीतून निघाले. डोमाजीला देवमननं दार उघडून दिलं होतं. डोमाजी म्हणाला, "मी यष्टीनं येतो." आणि धोतर सावरत स्टँडकडे चालू लागला.

मैदानात बंगलेवाल्यांच्या लांबलचक गाड्या ओळीनं उभ्या होत्या. त्यांच्या शेवटी बुटकी. तिच्याभोवती पहिल्या तासाभरात एवढी गर्दी झाली की दोरी बांधावी लागली. परीक्षकांत मुख्य होते सूर्यभान मोहोड, रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. पांढरा कोट, चष्मा, हातात कागदांची पाटी. ते बुटकीपुढे आले आणि पाटी बगलेत मारून उभे राहिले.

"कुठल्या गॅरेजातून करवून आणली?"

"गॅरेज नाई जी. घरासमोर केली."

"केली कोणी?"

"म्या."

मोहोड साहेबांनी त्याला नखशिखांत पाहिलं. मग कोट काढून बाजूच्या माणसाच्या हातात दिला, गोणपाट मागवलं आणि ते गाडीखाली शिरले. दहा-बारा मिनिटं त्यांचे बूट तेवढे दिसत होते. खालून प्रश्न येत होते, देवमन उकिडवा बसून उत्तरं देत होता. ब्रेकचा नळ कुठून नेला, स्टिअरिंगचा दांडा का वळवला, इंजिन मागे का सरकवलं. बाहेर आले तेव्हा त्यांच्या सदऱ्याला ग्रीस लागलं होतं. पाण्याच्या टेबलावरचा काठोकाठ भरलेला पेला मागवून तो त्यांनी इंजिनावर ठेवला.

"चालू करा."

इंजिन चालू झालं. पाण्यावर बारीक वर्तुळं उठली. थेंब सांडला नाही. गर्दीतून कोणीतरी टाळी वाजवली.

मोहोड साहेबांनी छतावरून हात फिरवला, थांबले, पुन्हा फिरवला. "खांब कापल्यावर छत आखूड पडलं असेल. काय केलंत?"

"मधातून फाडून पट्टी घातली. हिची अक्कल हाये." देवमननं शकुनकडे बोट दाखवलं.

"बाई, तुम्ही कुठं शिकलात हे?"

शकुननं पदर नीट केला. "कुठी नाई जी. मी पोलके शिवते."

मोहोड साहेब खूप वेळ सीटच्या नळ्या पाहत राहिले. जाता जाता म्हणाले, "अमेरिकेत अशा गाडीला हॉट रॉड म्हणतात."

"आमी बुटकी म्हनतो," शकुन म्हणाली.

दुपारी बक्षिसं वाचली. स्टेजवर कपांची रांग, मैदानाच्या चारी कोपऱ्यांत कर्णे बांधलेले. फळांची बक्षिसं झाली, इंजिनांची झाली. मग मोटारींची सुरू झाली. "हातानं बांधलेली मोटार. पहिलं बक्षीस, चांदीचा कप," माईकवरचा माणूस म्हणाला, "वामनराव नत्थुजी पाटील, मुक्काम पिंपळखेड!"

कारकुनानं पुस्तकाचं पहिलं पान उतरवलं होतं. बदललेल्या मालकाची नोंद मागच्या पानावर होती.

वामनराव तिथं होते. त्यांची संत्री प्रदर्शनात होती, म्हणून ते पुढच्या खुर्च्यांत बसले होते. नाव ऐकून ते उठले. सवयीनं टोपी सारखी केली. टाळ्या सुरू झाल्या होत्या आणि ते दोन-चार पावलं पुढे गेलेही.

देवमन जागचा हलला नाही. कोणत्या तोंडानं जायचं, गेलं तर लोक काय म्हणतील, पोलीस हाकलतील का, असं सगळं एकदम डोक्यात आलं.

शकुन म्हणाली, "तुमी जाता, का मी जाऊ?"

तो गेला. पायऱ्या चढून माईकजवळ उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, नाव चुकलं. गाडी माही हाये."

माईकवरचा माणूस घाईत होता. "नंतर पाहू. कप तर घेऊ द्या त्यांना."

"कप नंतर द्या. नाव आता वाचा."

हे शब्द माईकमधून चारी कोपऱ्यांत गेले. वामनराव तोवर पायरीशी आले होते. माईकवरच्या माणसानं सुटका झाल्यासारखं त्यांच्याकडे पाहिलं.

वामनराव खालूनच बोलले. "गाडी त्याची हाये. म्या सही करून देली. बनवली बी त्यानंच." एवढं बोलून ते वळले. येताना त्यांना वीस पावलं लागली होती. जाताना सगळे पाहत असताना तेवढंच अंतर फार लांबलं.

मोहोड साहेबांनी माईक स्वतःकडे ओढला. देवमनला त्यांनी हळूच पूर्ण नाव विचारलं आणि मग एकेक शब्द सुटा करून वाचलं, "देवमन डोमाजी तायडे, अकोट."

डोमाजी दोरीशी उभा होता. नाव एका कर्ण्यातून निघालं, मग दुसऱ्यातून, मग लांबच्या भिंतीवर आपटून परत आलं. डोमाजी प्रत्येक आवाजाकडे मान वळवून पाहत होता, जसं त्याच्या नावाचं आणखी कोणी तिकडे उभं असावं. मग त्यानं खांद्यावरचा पंचा काढून तोंड पुसलं आणि बराच वेळ तो पंचा तोंडावरच राहू दिला.

कप घेऊन देवमन खाली आला तेव्हा वामनराव डोमाजीपुढे उभे होते. देवमन थोडा अलीकडेच थांबला.

"डोमाजी," वामनराव म्हणाले, "थे पानी म्या ओतलं होतं."

"मले मालूम हाये. म्या पाह्यलं नं."

"मंग पोराले बाबांचं नाव कावून सांगतलं?"

डोमाजीनं खांदे उडवले. "नत्थुजी मेला. तुमी जित्ते हा. याले गावात तुमच्या इंजिनावर काम कराले जा लागते. उगाच याच्या डोक्यात कायले भरवू?"

वामनरावांनी मान खाली घातली. "चुकलं माहं."

"हो, चुकलं," डोमाजी म्हणाला. मोठ्यानंही नाही, हळूही नाही. मग डोमाजीनंच विचारलं, "संत्र्याले भेटलं काय बक्षीस?"

"नाई. अचलपूरच्याले भेटलं."

"औंदा पानी कमी पडलं," डोमाजी म्हणाला.

परत जातानाही तो यष्टीनंच गेला. डोमाजी बुटकीत शेवटपर्यंत बसला नाही. देवमननं एकदाच विचारलं तेव्हा तो म्हणाला, "गाडी चांगलीच केली तू. पन तिच्यात बसून मले काई वापस भेटनार नाई. मले यष्टी बरी, खिडकीतून वारा येते." देवमननं पुन्हा विचारलं नाही. मात्र अकोटच्या स्टँडवरच्या चहावाल्यानं त्याला नंतर सांगितलं की म्हाताऱ्यानं त्या दिवशी उतरल्यापासून चार जणांना तीच गोष्ट सांगितली: आधी चुकीचं नाव वाचलं, मग पोरानं ते बदलवलं. कपाचं त्यानं कोणाला सांगितलंच नव्हतं.

मोहोड साहेबांचं पत्र पंधरा दिवसांनी आलं. अकोल्यात त्यांच्या ओळखीचा एक जण बस आणि ट्रकच्या बॉड्या बांधायचा कारखाना काढत होता. पत्र्याचं काम जाणणारा माणूस हवा होता. देवमन जाऊन भेटला. होळीनंतर हजर व्हायचं ठरलं. जठारपेठेत दोन खोल्या मिळाल्या, एकीत शकुनचं मशीन आरामात राहील अशी. डोमाजीही येणार होता, पण आपली बाज आपणच आणीन म्हणाला.

सामान हलवायच्या आधी शकुननं एकच गोष्ट मागितली. तिला मेळघाट पाहायचा होता. तिच्या लहानपणी तिची आई लाकडं आणायला पायथ्यापर्यंत जाई आणि वर काय आहे ते कोणालाच माहीत नसे. फाल्गुनातल्या एका सकाळी दोघं बुटकीतून निघाले. परतवाड्याच्या पुढे घाट लागला. वळणावळणावर इंजिनाचा आवाज डोंगरातून परत येत होता. दोनदा रेडिएटर तापला, दोनदा त्यांनी थांबून नाल्याचं पाणी घातलं. पळस पेटल्यासारखे फुलले होते. सेमाडोहला पोचेपर्यंत दुपार झाली. नदीकाठी बसून त्यांनी भाकरी आणि ठेचा खाल्ला.

जंगलखात्याचा एक गार्ड सायकल टेकवून गाडी पाहायला आला. भोवती फिरला, आत डोकावला. मग शकुनला म्हणाला, "बाई, तुमाले भेव नाई वाटत एवढ्या खाली बसून?"

"पह्यले वाटे," ती म्हणाली.

तो गेल्यावर ती उठली, हात धुतले आणि चालकाच्या बाजूनं जाऊन बसली.

"हे काय?" देवमन म्हणाला.

"रस्ता सपाट हाये अठी. कोनी येऊन बी नाई राह्यलं. सांगा."

देवमन दुसऱ्या बाजूनं बसला. क्लच कोणता, ब्रेक कोणता ते सांगितलं. पहिल्यांदा इंजिन बंद पडलं. दुसऱ्यांदा गाडी बेडकासारखी उडी मारून बंद पडली आणि शकुन इतकी हसली की तिला पुन्हा सुरू करता येईना. तिसऱ्यांदा बुटकी हळूहळू सरकली. शकुननं दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं होतं, ओठ मिटलेले, नजर रस्त्यावर. सागाच्या सावल्या बॉनेटवरून एकामागून एक मागे जात होत्या.

"वळन आलं. थांब आता," देवमन म्हणाला.

"वळन दिसून राह्यलं मले," शकुन म्हणाली आणि तिनं गाडी वळवली.